पुण्याचे ओढे, टेकड्या आणि वाढतं शहर: दोष गर्दीचा की जागेचा?

बावधनकर

लोकसंख्या वाढली की निसर्गाची वाट लागणारच, हे आपल्याकडे इतकं सरसकट फेकलं जातं की पुढे कोणी काही बोलतच नाही. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, शिव्या घालायच्या तर घाला. पुण्यात माणसं वाढली हे खरंच. २००१ ला मनपा हद्दीत २५ लाख होती, २०११ ला ३१ लाख, त्यानंतर जनगणनेचा आकडाच नाही त्यामुळे आता किती ते ज्याच्या त्याच्या अंदाजावर. पण वाट लागली ती माणसं किती आली यापेक्षा त्यांना बसवलं कुठे यामुळे. ओढ्यात बसवलं, टेकडीच्या उतारावर बसवलं, पूररेषेत बसवलं, आणि पाणी-ड्रेनेज मागाहून बघू म्हटलं.

आंबिल ओढ्याचंच घ्या. कात्रजच्या डोंगरात उगम, मग सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो पूर आला तो सगळ्यांना आठवत असेल, वीसच्या वर माणसं गेली, त्यातली काही टांगेवाला कॉलनीत भिंत पडून. पाऊस प्रचंड होता, मान्य. पण ओढ्याची रुंदी कुठे भराव टाकून, कुठे सीमाभिंत सरकवून, कुठे बुटका कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) घालून निम्म्यावर आणली तर पाण्याने जायचं कुठून? गंमत म्हणजे हा ओढा नानासाहेब पेशव्यांनीसुद्धा वळवला होता, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं (आजची सारसबाग त्याच जागी), पण त्यांनी पाण्याला दुसरी वाट काढून दिली होती. आपण नुसती वाट बंद केली.

टेकड्यांचं पण तेच. आपल्याखाली सगळा बेसाल्ट, काळा कातळ. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि ते मुरायची जागा म्हणजे टेकड्या आणि त्यांचा पायथा. बावधनचा झरा उन्हाळ्यातसुद्धा वाहतो तो त्या मुरलेल्या पाण्यावर. पायथ्याला तीन तीन मजली बेसमेंट खणले की त्या भेगाच कापल्या जातात, मग बेसमेंटमध्ये बारा महिने पंप लावून तेच पाणी गटारात सोडायचं आणि वरच्या सोसायटीने टँकर मागवायचा, हा कसला हिशोब आहे ते मला समजावून सांगा कोणीतरी.

रोखठोक

नेहमीचं पर्यावरणवादी रडगाणं. मूळ मुद्दा टाळलात. माणसंच कमी असती तर ओढ्यात घर बांधायला कोण गेलं असतं? पंचवीस लाखाच्या शहरात साठ-सत्तर लाख कोंबले तर कुठलाही प्लॅन फाटणारच. लोकसंख्या नियंत्रण कायदा आणा आणि बाहेरून येणारे लोंढे थांबवा, बाकी सगळी मलमपट्टी.

मिनल_औंध

@रोखठोक महाराष्ट्राचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ आलाय, म्हणजे दोनाच्याही खाली. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घरात सहा-सात भावंडं असायची, आता एक किंवा दोन. कायदा आणून कमी काय करणार? शहर वाढतंय ते स्थलांतरामुळे आणि लोंढे म्हणताय ते कोणी बोलावले ते पण सांगा की, हिंजवडी, खराडी, चाकण उभं केलं तेव्हा कामाला माणसं लागणार हे माहीत नव्हतं का? कंपन्या हव्यात, घरभाडं हवंय, धुणीभांडी करायला मावशी हव्यात, फक्त त्यांनी राहायला कुठे जायचं ते विचारू नका!

आणि लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढल्या त्या गाड्या. २०१८ लाच शहरातल्या गाड्यांचा आकडा माणसांच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. या गाड्यांसाठीच रस्ते, रस्त्यासाठीच झाडं आणि टेकडी फोडायचे प्रस्ताव. वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता हवाय तो माणसांना चालायला नाही.

सातबारावाला

मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो कारण इथे सगळे टेकडीवर सकाळी फिरायला येणारे दिसतायत, टेकडी ज्यांच्या नावावर आहे ते कोणी नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन डोंगरउताराला. १९९७ ला गावं मनपात घेतली, नंतर काही वगळली, तेवीस उरली, त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं, जवळजवळ ९७८ हेक्टरवर. २०१५ ला सरकारने मंजूर केलं आणि मोबदला काय तर ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. आठ टक्के! खालच्या सपाट जमिनीवाल्याचा पोरगा आज फॉर्च्युनर फिरवतो आणि आम्ही आरक्षणाच्या कागदाला अगरबत्ती लावतो. शहराला हवा पाहिजे, पाणी मुरायला पाहिजे, मोर बघायला पाहिजे, सगळं पाहिजे, पण फुकट. मग रात्रीत पत्र्याचे शेड पडतात, गुंठ्यागुंठ्याने विकलं जातं, आणि तुम्ही म्हणता अतिक्रमण झालं. होणारच ना राव.

बावधनकर

@सातबारावाला मोबदल्याचं तुमचं शंभर टक्के पटतं, ८ टक्के म्हणजे थट्टाच आहे. पण त्यातून टेकडीवर बांधकाम द्या असं निघत नाही, मोबदला नीट द्या असं निघतं. उतारावर थोडंसंच बांधू म्हणतात, पण त्या थोड्याशाला सुद्धा रस्ता लागतो, पाण्याची लाईन, लाईट, ड्रेनेज, संरक्षक भिंत लागते, आणि रस्ता करायला उतार कापला की वरची माती पावसाबरोबर खाली. मग खालच्या नाल्यात गाळ, नाला उथळ, पुन्हा पूर.

सिव्हिल_९८

काही गोष्टी स्पष्ट बोलतो, पंचवीस वर्षं साईटवर गेलीत. धाग्याचा मूळ मुद्दा बरोबर आहे, कुठे बांधता हाच प्रश्न. पण मग त्याचा पुढचा अर्थ पण स्वीकारा. टेकडी, ओढा, पूररेषा सोडायची असेल तर उरलेल्या जागेत उंच आणि दाट बांधावं लागेल. मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरमध्ये एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) चारपर्यंत द्यायचं धोरण आलं तेव्हा पेठांतले आणि डेक्कनचे हेच लोक ओरडत होते की आमच्या गल्लीत टॉवर नको, ऊन येणार नाही, पार्किंग नाही. टेकडी पण नको तोडायला, गल्लीत टॉवर पण नको, आणि पोराला फ्लॅट मात्र कोथरूडमध्येच पाहिजे आणि तोही बजेटमध्ये. कसं जमवायचं?

शहर आडवं पसरतं तेव्हा जास्त निसर्ग खातं. २०१७ ला अकरा गावं आली, २०२१ ला आणखी तेवीस, क्षेत्रफळात पुणे मनपा राज्यात सगळ्यात मोठी झाली, मुंबईपेक्षा मोठी. एवढ्या लांब पाईप टाकायचे, बस न्यायची, कचरा गोळा करायचा म्हणजे काय खर्च आहे याची कल्पना आहे का? त्यापेक्षा आत दाट राहिलेलं परवडतं, पर्यावरणालाही.

मिनल_औंध

@सिव्हिल_९८ तत्त्व म्हणून ठीक. पण आपल्याकडे उंच बांधतात तेव्हा आत मोकळी जमीन उरते का हो? पूर्ण प्लॉटभर पोडियम म्हणजे उचललेला चौथरा, त्याखाली पार्किंग, वर कुंडीतली झाडं. कागदावर गार्डन, खाली स्लॅब. पाण्याचा एक थेंब जमिनीत जात नाही. जुन्या बंगल्यांचं आवार, त्यातला आंबा, चिंच, बकुळ, सगळं गेलं आणि रीडेव्हलपमेंटच्या ब्रोशरमध्ये पाम. उन्हाळ्यात रात्री दोन वाजता सुद्धा भिंती गरम लागतात आता. दाट राहू, पण प्लॉटचा ठरावीक हिस्सा खाली स्लॅब नसलेली खरी माती असला पाहिजे असा नियम करा आणि तो पाळून दाखवा.

सिव्हिल_९८

नियम सुचवायला सोपा आहे. मग गाड्या कुठे ठेवणार? पार्किंगचा नियमच बेसमेंट आणि पोडियम करायला लावतो. आधी माणशी गाडीचा हट्ट सोडा, मग माती आपोआप सुटेल.

धायरी_फाटा

तुमच्या बेसाल्ट, बकुळ वगैरेत आमचा साधा प्रश्न राहून जातो. पाणी. खडकवासला धरण आमच्या खिडकीतून दिसतं आणि पाणी टँकरने येतं. फ्लॅट घेताना बिल्डरने सांगितलेलं की मनपाची लाईन येईपर्यंत आम्ही देऊ, तसं हमीपत्रच असतं म्हणे, ते हमीपत्र कुठल्या फाईलीत आहे देवाला माहीत. सोसायटीचा मेन्टेनन्स निम्मा टँकरवर जातो. बोअर पाचशे फूट मारला, धूळ आली.

आणि जानेवारी २०२५ विसरू नका कोणी. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) चे पेशंट निघाले, सगळे मिळून दोनशेच्या वर संशयित, काही लोक व्हेंटिलेटरवर, मृत्यू झाले. दूषित पाण्याचा संशय, तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. गावाची जुनी विहीर, तिच्याभोवती इमारती झाल्या, लोक पन्नासपट झाले, शुद्धीकरण म्हणजे ब्लीचिंग पावडर. तर माझ्यासारख्याला टेकडी वाचवा म्हटलं की वाटतं आधी आमचा नळ वाचवा.

रोखठोक

हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून!! विहीर एक, माणसं पन्नासपट. आकडा महत्त्वाचा.

बावधनकर

@रोखठोक नाही हो. माणसं पन्नासपट होणार हे परवानगी देणाऱ्याला माहीतच होतं, नकाशे त्यानेच पास केले. एका बाजूला इमारतीला भोगवटा दाखला (राहायला जायची परवानगी) आणि दुसऱ्या बाजूला पाण्याला 'प्रस्तावित', याला लोकसंख्यावाढ म्हणत नाहीत. पाणी आणि मैलावाहिनी आधी, परवानगी नंतर, एवढा क्रम उलटा केला तरी निम्मे प्रश्न उगवणारच नाहीत.

भीमाकाठ

इंदापूरकडून लिहितोय, उजनीच्या पाणलोटाजवळून. बराच वेळ वाचतोय, तुमचं सगळं बोलणं पुण्याच्या हद्दीत संपतंय म्हणून राहवलं नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारी धरणं मिळून २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी) आसपास. त्यातलं वीसच्या जवळ एकटं पुणे पितं, मंजूर कोट्याच्या वर. उरलेल्यात कालव्यावर दौंड, इंदापूर, हवेलीची शेती. दर उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, पुढे ढकललं जातं, उभा ऊस, उभी मका वाळते, आणि कालवा समितीच्या बैठकीत पिण्याच्या पाण्याला प्राधान्य म्हणून विषय संपतो. पिण्याचं म्हणजे गाड्या धुण्याचं पण त्यातच.

बरं घेतलेलं पाणी परत देता ते कसं? मुळा-मुठेतून, तिथून भीमेला, तिथून उजनीला. शुद्धीकरणाचे नवीन प्रकल्प करायचे म्हणून जपानी संस्थेशी करार होऊन कितीतरी वर्षं झाली (२०१६ चा करार), इकडे पाणी हिरवं ते हिरवंच. उजनीला फ्लेमिंगो येतात म्हणून पुण्याची मंडळी रविवारी कॅमेरा घेऊन येतात, बोटीत बसून नाक दाबतात. अहो ते तुमचंच आहे, ओळखा. मासेमारी करणाऱ्यांना विचारा, पूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता काय येतं. चिलापीच चिलापी, बाहेरून आलेला मासा. जमिनीला हेच पाणी देऊन मीठफुटी व्हायला लागलीय, क्षार वर येतात. तर शहर वाढल्याने निसर्गावर काय परिणाम होतो हे बघायला टेकडीवर चढू नका, उतारावरून खाली या.

मिनल_औंध

भीमाकाठ, हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही मात्र नदीकाठ सुधारणेच्या ४४ किलोमीटरच्या प्रकल्पावर भांडतोय, काठाला दगडी पायऱ्या आणि सायकल ट्रॅक हवा का नको. पाण्यात मैला असताना काठ सुधारायचा हा प्रकारच मला कळत नाही. त्यासाठी काठावरची जुनी झाडं गेली ती वेगळीच.

सिव्हिल_९८

@मिनल मैलापाणी प्रकल्प आणि नदीकाठ ही दोन वेगळी कामं आहेत, एक होईपर्यंत दुसरं थांबवा म्हणाल तर दोन्ही होणार नाहीत. मात्र पात्र अरुंद होतंय का हा प्रश्न रास्त आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट) घरात पाणी सोडलं तर सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे घरात पाणी शिरलं. १९६१ च्या पानशेतसारखं धरण फुटलेलं नव्हतं, हा नेहमीचा विसर्ग. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांची लाल रेषा नकाशावर आहेत, पण नकाशा आखला तेव्हाची नदी आणि भराव पडल्यानंतरची नदी एक नाही. रेषा परत मोजा.

रोखठोक

रेषा मोजून काय, तिथल्या लोकांना उचलणार कुठे? कोणी मतपेटीला हात लावत नाही. शेवटी सगळं चालू राहतं. @भीमाकाठ तुम्ही पण ऊसच लावता ना, पाणी पिणारं पीक? आम्हाला गाड्या धुतल्याचं ऐकवताय म्हणून विचारलं.

भीमाकाठ

लावतो. कारखाना उसाला उधारीत का होईना पण हमखास पैसे देतो, दुसऱ्या पिकाला कोण देतं? ठिबक केलंय. तुमच्या सोसायटीत मीटर बसवलेत का पाण्याचे, की अजून विरोधच चालू आहे?

धायरी_फाटा

😄 मीटर बसवा, आमच्याकडे त्यातून हवा मोजली जाईल.

सातबारावाला

चर्चा छान चाललीय, पण माझा प्रश्न कोणीच घेतला नाही. टेकडी सगळ्यांना हवी आहे ना? मग मिळकत करात टेकडीसाठी वेगळा सेस लावून आमच्या जमिनी रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) भावाने विकत घ्या. फुकटचं प्रेम बंद. भरणार का, हो की नाही ते सांगा, निबंध नकोत.

बावधनकर

भरेन. अट एकच, तो पैसा स्वतंत्र खात्यात आणि फक्त टेकड्यांच्या भूसंपादनाला, उड्डाणपुलाकडे वळवायचा नाही.

धायरी_फाटा

नळाला पाणी आलं की भरतो. आधी नाही.

रोखठोक

मी नाही भरणार. आधीच काय कमी कर आहेत का.

सातबारावाला

दोन 'नाही', एक 'हो'. उद्या एक पार्टी येतेय जमीन बघायला, त्यांना काय सांगू?