गूनर, गोलंदाज का मुलुखमैदान? आणि या घुगरीवाल्यांचं काय करायचं?

गंगाखेडचा_गनर (धागाकर्ता)

मंडळी, फ्लेक्सवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय म्हणून घाईत लिहायलो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गंगाखेड, सेलू, जिंतूर आणि खुद्द परभणी मिळून आम्ही चौदा आर्सेनलवाले, म्हणजे आर्सेनल या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबचे पाठीराखे. इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर बघायचो. आता मामाच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मिळतो, लग्नाची तारीख नसली की. प्रोजेक्टर आहे, पडद्याच्या जागी चादर आहे, इन्व्हर्टर आहे. भिंतीवर एक सहा बाय चारचा फ्लेक्स लावावा म्हणलं. दुकानात गेलो तर पोरगं विचारतंय, "वाढदिवस का निवड?" म्हणलं फुटबॉल. ते म्हणे, "बरं, शुभेच्छुकांचे फोटो किती?"

तर नाव काय टाकायचं? जगभर आर्सेनलच्या पाठीराख्यांना 'गूनर' म्हणतात, 'गनर'चंच बिघडलेलं रूप. मी कागदावर 'गूनर्स परभणी' लिहून ठेवलं होतं. आईनं वाचलं. पुढचं तिचं बोलणं लिहीत नाही, पण हे नाव मंगल कार्यालयात लागणार नाही एवढं पक्कं झालं.

गनरला आपला अस्सल शब्द गोलंदाज. तोफ डागतो तो गोलंदाज. क्लबच १८८६ मध्ये वुलिचच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला, बिल्ल्यावर तोफ आहे. पण 'परभणीचे गोलंदाज' लिहिलं की टेनिस बॉलवाले एंट्री फी विचारत वर येतील. एकानं 'जगात जर्मनी' सुचवलंय. ते परभणीला शोभतं, पण क्लब लंडनचा आहे राव.

आता दुसरी गोष्ट. हॉलवर हल्ली सात-आठ मँचेस्टर सिटीवाले येऊन बसायलेत. कॉलेजची पोरं, आभाळी रंगाचे कोरे जर्सी, घडी मोडलेली नाही अजून. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. आम्ही त्यांना घुगरीवाले म्हणतो. २६ एप्रिल २०२३ ची रात्र मी विसरलो नाही. साडेबाराला सिटीशी मॅच, बाहेर अजून झळा, मधीच लाइट गेली, इन्व्हर्टरवर कसंबसं बघितलं. ४-१ नं हरलो. शेवटाकडं त्यांच्या हालांडनं केस मोकळे सोडून चौथा गोल मारला. आणि अडीच वाजता यांनी कुंथलगिरीचा पेढ्याचा बॉक्स उघडला! आधीपासून आणून ठेवलेला! मह्या हातावर पण एक ठेवला.

यांना हॉलमध्ये घ्यावं का नाही, आणि नाव काय, दोन्ही सांगा.

---

फर्गी_टाइम

चौदा जणांना फ्लेक्स कशाला? उपरण्यावर मावताल.

---

परांड्याचा_बुरूज

नावासाठी लंडनला कशाला जाता भाऊ, मराठवाड्यात या. मुलुखमैदान! विजापूरला जी प्रचंड तोफ दाखवतात ती १५४९ मध्ये अहमदनगरात निजामशाहीत ओतलेली, आणि कितीतरी वर्षं आमच्या परांड्याच्या किल्ल्यात होती. तिच्या तोंडावर सिंहाचा जबडा आहे, आणि जबड्यात हत्ती. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे मैदानाचा धनी. फुटबॉलच्या टोळीला याहून चांगलं नाव कुणी ठरवून तरी देईल का? तोफही आली, मैदानही आलं. 'मुलुखमैदान, परभणी' एवढंच टाका, खाली बिल्ला. शुभेच्छुकांचे फोटो नकोत.

---

आभाळनिळा

बुरूज दादा, अर्धीच गोष्ट सांगितली. ती तोफ १६३२ मध्ये विजापूरवाले उचलून घेऊन गेले आणि परत काही दिली नाही. तरी आर्सेनलला नाव एकदम फिट्ट बसतं, हे मान्य. तोफा यांच्याच, नेणारे दुसरे. ॲशली कोल चेल्सीला, फॅब्रेगास बार्सिलोनाला, व्हॅन पर्सी २०१२ ला थेट मँचेस्टर युनायटेडला, आणि तिथं पहिल्याच वर्षी लीग जिंकला. आमच्या सिटीकडं तर लाइनच लागली होती: अदेबायोर, कोलो तुरे, क्लिशी, नासरी, सान्या. लावा मुलुखमैदान. विजापूर आम्ही होतो.

आता घुगरीवाल्यांचं. मी तोच, पेढेवाला. माझा जन्म २००५ चा. फुटबॉल कळायला लागलं तेव्हा सिटी शंभर पॉइंट घेऊन जिंकत होती. शाळेतून आलो, टीव्ही लावला, जे भारी खेळत होते ते आवडले. काय करायचं होतं? आधी दहा वर्षं हरणारी टीम धरून तप करायचं, मग जिंकणारी बघायची परवानगी?

आणि गनर दादा, रागावू नका, तुम्ही आर्सेनल कोणत्या साली धरलं?

---

फर्गी_टाइम

आता बोला.

---

गंगाखेडचा_गनर

२००३ च्या दिवाळीत. झालं समाधान?

हो, त्याच सीझनला. अडतीस मॅच, सव्वीस जिंकल्या, बारा बरोबरीत, एकही हरली नाही. केबलवर इएसपीएन-स्टार लागायचं. आन्री डावीकडून आत यायचा आणि चेंडू लांबच्या खांबाकडं असा ठेवायचा, जसा कुणी फळीवर तांब्या ठेवावा. ते बघून कोण पडणार नाही? मी बी घुगऱ्या बघूनच गेलो होतो, लपवत नाही.

पण लेका, ताट रिकामं झाल्यावर पण बसून राहिलो. २८ ऑगस्ट २०११, युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, आठ-दोननं हरलो. आठ! पोळ्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी चौकात बैल बघायला गेलो तर एकानं सगळ्यांदेखत बोटं मोजून दाखवली. तेव्हा टीम बदलता आली असती. फर्गीवाले, म्हणजे युनायटेडवाले, दिमाखात फिरायलेच होते. घुगरीवाला येतो कधी यावर ठरत नाही, जातो कधी यावर ठरतो. तुमची परीक्षा अजून झालीच नाही, एवढंच म्हणणं आहे.

---

लातूरी_गणित

परीक्षा म्हणलं की आम्हाला बोलवायचं. पद्धत सोपी आहे. टीम खालच्या विभागात घसरली, तरी रात्री उठून मॅच बघितली की पास. या हिशोबानं हॉलमधले बावीसच्या बावीस नापास, कारण कुणाच्याच डोळ्यादेखत कुणाची टीम घसरलेली नाही. रिपीटर बॅच काढा.

---

कोपवाली_नांदेड

नमस्कार. नावाबद्दल थोडं लिहिते, कारण इथं सगळे स्वतःला तोफ म्हणवून घ्यायला निघालेत.

मी लिव्हरपूलची. आम्हाला 'कोपाइट' म्हणतात, अ‍ॅनफिल्डवरच्या 'कोप' नावाच्या बाजूवरून. हा कोप म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली स्पायन कोप ही टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं इंग्रजांचा दारुण पराभव झाला, आणि मेलेल्यांत लँकेशायरचे पुष्कळ जण होते. १९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डला मातीचा उंच उतार रचला, तेव्हा त्याला या टेकडीचं नाव मिळालं. त्याच टेकडीवरून जखमींना डोलीत घालून आणणाऱ्या पथकात गांधीजी होते. ब्याण्णवाव्या मिनिटाला बरोबरी झाल्यावर मी पलंगावर उड्या मारते, तेव्हा मला हे आठवत नाही, हे सांगायला हरकत नाही. पण नाव विजयाचं नाही, स्मशानाचं आहे.

बार्सिलोनाचे पाठीराखे 'कुले'. जुन्या मैदानाच्या भिंतीवर ओळीनं बसायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला फक्त बैठकी दिसायच्या. कातालानमध्ये 'कुल' म्हणजे तीच. अ‍ॅटलेटिको माद्रिदवाले 'गादीवाले', का तर जर्सीचे लाल-पांढरे पट्टे गादीच्या खोळीसारखे. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला शेजारी 'बोस्तेरो' म्हणतात, म्हणजे सरळ शेणवाले. तेव्हा गनर भाऊ, तुमच्या आईंच्या हरकतीला ब्यूनस आयर्सात कुणी भीक घातली नसती. आणि त्यांचेच वैरी रिव्हर प्लेट १९६६ ची कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल २-० वरून ४-२ नं हरले. परत आल्यावर बानफील्डच्या मैदानावर कुणीतरी लाल पट्टा बांधलेली पांढरी कोंबडी सोडली. तेव्हापासून ते 'कोंबड्या'.

यातलं एकही नाव कुणी कमिटी बसवून ठरवलं नाही. दुसऱ्यानं फेकून मारलं, यांनी झेललं. तुम्ही मात्र फ्लेक्सवाला थांबलाय म्हणून नाव शोधताय. मला विचाराल तर हॉलमध्ये सगळ्यात चपखल नाव सिटीच्या पोरांना मिळालंय. घुगरीवाले. मी त्यांच्या जागी असते तर उद्याच छापून घेतलं असतं.

---

परांड्याचा_बुरूज

ताई, माहिती झकास, पण परांड्याची तोफ ही काही कमिटीनं शोधलेली नाही. खरी तोफ आहे, खरा किल्ला आहे. शेण आणि कोंबड्यांच्या रांगेत मैदानाचा धनी बसवू नका.

---

कोपवाली_नांदेड

बसवत नाही. नेलेल्या तोफेचं नाव लावायला तर मोठं मन लागतं.

---

आमखास_डावी_बाजू

सगळं वाचलं. हसू पण आलं, वाईट पण वाटलं.

मी संभाजीनगरात आमखासवर वीस वर्षं लेफ्ट बॅक खेळलो. अजून संध्याकाळी जातो, धावता येत नाही म्हणून शिट्टी वाजवतो. पावसाळ्यात गोलच्या तोंडाशी चिखल, उन्हाळ्यात अशी धूळ की कॉर्नर मारणारा दिसत नाही. एक पोरगं आहे, चौदा-पंधरा वर्षांचं, डाव्या पायानं असा क्रॉस टाकतं की आपण शिट्टी तोंडातच विसरतो. त्याच्या बुटाला पुढून सेलोटेप लावलेली असते, मॅचच्या आधी नवी लावतो. बघायला किती जण? त्याचा चुलता, आणि एक चहावाला, तोही आमच्याकडं पाठ करून.

तुम्ही कोण खरा आणि कोण घुगरीवाला यावर भांडताय. माझ्या लेखी लंडन काय, मँचेस्टर काय, सगळे टीव्हीवरचेच. ज्या गावाला आपण कधी गेलो नाही त्या गावाचा अभिमान कोण आधी धरला, एवढाच वाद. फ्लेक्सच्या पैशात बुटांची एक जोडी येते.

---

गंगाखेडचा_गनर

सर, लागलं बोलणं. पण एक सांगतो. गंगाखेडला मी लहान होतो तेव्हा फुटबॉल नावाची वस्तूच नव्हती, व्हॉलीबॉललाच लाथा मारायचो. टीव्हीवर आन्री दिसला नसता तर तेवढंही केलं नसतं. टीव्हीमुळं मैदान ओस पडलं हे पटत नाही. आमच्यातले तिघं आता पोरांना शिकवतात.

---

आमखास_डावी_बाजू

तिघं शिकवतात हे आधी लिहायचं ना! त्यांचे फोटो टाका फ्लेक्सवर.

---

आभाळनिळा

सर, त्या पोराच्या बुटाचा नंबर मेसेज करा. जोडी आम्ही सात जण मिळून घेतो. हे उपकार म्हणून नाही, नायतर गनर दादा म्हणतील पेढे वाटायलेत.

परीक्षेबद्दल दोन शब्द. माझी झालेली नाही, खरंय. पण सिटीची झाली होती. १९९९ ला तिसऱ्या पातळीवर होती. वेम्बलीवर गिलिंगहॅमसमोर नव्वद मिनिटं होईपर्यंत दोन गोलनं मागं. अगदी शेवटाला दोन मारले, मग पेनल्टीवर जिंकली. तेव्हा मी नव्हतो, पण तिथं हजारो लोक होते, आणि त्यांनी नंतर आलेल्यांना दारात उभं करून साल विचारलं नाही. आणि तुमची आर्सेनल तरी कुठं एका जागची? १९१३ ला नदी ओलांडून हायबरीला आली, आणि १९१९ ला मतदान घेऊन वरच्या विभागात बसली. त्यात जागा गेलेले शेजारचे टॉटनहॅमवाले अजून विसरले नाहीत. त्यांच्या लेखी तुम्हीच घुगरीवाले.

आणि दादा, आमच्या आजीकडं घुगऱ्यांची अजून एक म्हण आहे. घुगऱ्या मूठभर अन् सारी रात मरमर. लीगमध्ये आर्सेनल २०२३ दुसरे, २०२४ दुसरे, २०२५ दुसरे. रात्री दीडपर्यंत, अडीचपर्यंत जागून हाती काय? ही म्हण कुणाची आहे, तुम्हीच बघा.

---

फर्गी_टाइम

अरारारा.

---

लातूरी_गणित

पहिला आला. मेरिट लिस्टमध्ये.

---

कोपवाली_नांदेड

गनर भाऊ, आलं बघा. फेकून मारलेलं. झेलताय का?

---

परांड्याचा_बुरूज

'सारी रात मरमर, परभणी'. च्यायला. वाईट नाही. पण तोफ चित्रात तरी ठेवा, सिंहाच्या जबड्यासकट.

---

गंगाखेडचा_गनर

मी याच्या विरोधात आहे हे नोंदवून ठेवतो. ग्रुपवर टाकलं तर तेरापैकी नऊ जणांनी अंगठा दिला, त्यात मह्या सख्ख्या चुलतभावाचा पण. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे खरं लिहिलंय."

दुकानात सांगून आलो. तोफ डावीकडं, तिघा शिकवणाऱ्यांचे फोटो खाली. पोरगं विचारत होतं, मरमर म्हणजे कुणी वारलंय का, तसं असलं तर बॉर्डर काळी करतो.

शनिवारी साडेसातला. घुगरीवाल्यांनी यावं, पेढे आणू नयेत.

---

आभाळनिळा

यावंच लागंल, सबस्क्रिप्शन माझ्या नावावर आहे. पेढे नाही आणत. घुगऱ्या गव्हाच्या चालतील का ज्वारीच्या?