मदत हवी आहे: रे रोडवाल्या लॉर्ड रेची वंशावळ जुळत नाहीये, १९२१ ला पदवी संपली की चालू राहिली?

डॉकयार्डकर

नमस्कार मंडळी,

हार्बर लाईनवरचं रे रोड स्टेशन ज्याच्या नावाने आहे तो लॉर्ड रे, म्हणजे डोनाल्ड जेम्स मॅके, १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर. आम्ही काही जण अधूनमधून डॉकयार्ड रोड ते कॉटन ग्रीन असा हेरिटेज वॉक काढतो, त्यासाठी याच्यावर पानभर मजकूर लिहायला घेतला आणि प्रकरण थेट स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला जाऊन पोचलं, आता गुंता सुटत नाहीये.

जेवढं जमलंय ते आधी लिहितो. १६२८ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने सर डोनाल्ड मॅकेला लॉर्ड रे केलं. हे मॅके सदरलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचे, स्ट्रॅथनेव्हर, टंग, डर्नेस हा त्यांचा मुलूख. या पहिल्या लॉर्डने उभी केलेली पलटण युरोपातल्या ३० वर्षांच्या युद्धात आधी डेन्मार्ककडून आणि मग स्वीडनकडून लढली. पुढे पदवी घरातल्या घरात फिरली, १७९७ ला सहावा लॉर्ड निपुत्रिक गेला तेव्हा चुलत घरातला एरिक सातवा झाला, आणि या पठ्ठ्याने १८२९ मध्ये सगळी जमीन शेजारच्या सदरलँड घराण्याला ३ लाख पौंडांना विकून टाकली! मग त्याचा भाऊ आठवा, भावाचा मुलगा नववा, आणि हा नववा १८७५ ला अविवाहितच वारला.

इथपर्यंत ठीक. पण दहावा लॉर्ड एकदम हॉलंडमधला निघतो. एनियास मॅके, डच कौन्सिल ऑफ स्टेटचा (सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाचा) उपाध्यक्ष, जन्म तिकडचा, करिअर तिकडचं. वर्षभरसुद्धा लॉर्ड राहिला नाही, १८७६ ला गेला आणि त्याचा मुलगा म्हणजे आपला रे रोडवाला अकरावा झाला, तोही आधी डच संसदेचा खासदार होता.

आता अडलंय ते असं की जमीनच विकली तर कशाचे लॉर्ड राहिले हे? दुसरं म्हणजे परक्या देशातल्या माणसाकडे पदवी गेलीच कशी? आणि मुख्य घोळ म्हणजे आपला रे १९२१ ला निपुत्रिक गेला, एका ठिकाणी लिहिलंय की त्याच्याबरोबर बॅरन पदवी संपली, दुसरीकडे १२वा, १३वा, १४वा असे पुढचे आकडे दिलेत आणि आजही १५वे लॉर्ड रे आहेत म्हणतात. शिवाय ११वा आणि १२वा दोघांच्या नावापुढे मृत्यू १९२१ असंच आहे, त्यामुळे मला ही टायपो वाटतेय. कोणी जाणकार आहे का इथे? पुढच्या वॉकच्या आधी मजकूर छापायला द्यायचाय.

थिसल

टायपो नाहीये. अकरावा लॉर्ड १९२१ च्या ऑगस्टमध्ये गेला, बारावा म्हणजे त्याच डच घराण्यातला, चुलत नात्यातला एरिक, तोही त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला. तेरावा त्याचा मुलगा, तेव्हा सोळासुद्धा पूर्ण नव्हता.

आता मुख्य घोळ. तुमच्या रेकडे पदव्या दोन होत्या, तिथेच सगळे गोंधळतात. एक १६२८ ची स्कॉटिश पदवी लॉर्ड रे, वडिलोपार्जित. दुसरी १८८१ मध्ये त्याला स्वतःला मिळालेली युनायटेड किंगडमची, बॅरन रे ऑफ डर्नेस. दुसरी कशाला हवी होती तर १७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले तेव्हा सगळ्या स्कॉटिश लॉर्डांना काही लॉर्ड्स सभागृहात (संसदेच्या वरच्या सभागृहात) घेतलं नाही, त्यांनी आपापसात निवडणूक करून १६ प्रतिनिधी पाठवायचे असं ठरलं, म्हणजे स्कॉटिश लॉर्ड असून सभागृहात खुर्ची नाही असे कितीतरी होते. ज्याला सरकारात काम करायचंय त्याला मग यूकेची नवीन पदवी द्यायचे, की आपोआप खुर्ची. १८७७ ला रे ब्रिटिश नागरिक झाला, १८८१ ला बॅरन, १८८५ ला मुंबईचा गव्हर्नर, ही चढण सरळ दिसते.

फरक आहे तो सनदेत. १८८१ ची पदवी फक्त त्याच्या स्वतःच्या पोटच्या मुलग्यांसाठी. मुलगा नाही, पदवी खलास. १६२८ ची मात्र पहिल्या डोनाल्डच्या पुरुष वारसांसाठी, त्यामुळे थोरली फांदी वाळली की झाडावर मागे जाऊन दुसरी शोधायची, कितीही लांबची असली तरी.

हॉलंडचं उत्तरही त्यातच आहे. दुसऱ्या लॉर्डचा धाकटा मुलगा एनियास डच सरकारच्या नोकरीतल्या स्कॉट्स ब्रिगेडमध्ये होता, त्याची पोरंबाळं तिकडेच रुजली, डच उमराव झाली. १८७५ ला मधल्या सगळ्या शाखा संपल्या तेव्हा जवळपास २०० वर्षं मागे जाऊन ही शाखा पुढे आली. रक्ताने पदवी मिळते, तुम्ही कुठे जन्मलात हे कोणी विचारत नाही. सभागृहात बसायचं तर मात्र ब्रिटिश नागरिक व्हावं लागायचं, तेरावा लॉर्डसुद्धा १९३८ ला झाला आणि मग १९५५ ते ५९ प्रतिनिधी म्हणून बसला.

गंमत म्हणजे तुमचा रे इकडे मलबार हिलवर गव्हर्नर असताना त्याचा सख्खा चुलतभाऊ, नाव पुन्हा एनियास मॅकेच, १८८८ ते १८९१ चक्क नेदरलँड्सचा पंतप्रधान होता.

डॉकयार्डकर

बाप रे, हे तर वॉकमध्ये सांगायलाच हवं! थिसल, खूप आभार. तरी जमिनीचं राहिलं आणि अजून एक, आपल्याकडे संस्थानिक निपुत्रिक असला की दत्तक घ्यायचा, यांनी तसं का नाही केलं? तीन तीन लॉर्ड पोरांशिवाय गेले की यात.

गाववेस

जमीन वेगळी, पदवी वेगळी. आपल्याकडे पाटीलकीचं वतन असायचं त्यात मान आणि जमीन एकत्र यायचे, इथे तसं नाही, निदान १७ व्या शतकातल्या अशा पदव्यांत तरी नाही. जमीन विका, गहाण टाका, जुगारात घालवा, लॉर्ड तुम्ही राहताच. १८२९ नंतरचे लॉर्ड रे म्हणजे मुलखाशिवायचे पण कुळाचे प्रमुख, कारण क्लॅन मॅकेचं प्रमुखपद याच घराकडे आहे.

दत्तक चालत नाही. आजही चालत नाही, दत्तक मुलाला पदवीचा वारसा मिळत नाही.

आणि दत्तकाचा विषय काढलाच आहे तर डलहौसी बघा राव. तोही स्कॉटिश, दहावा अर्ल ऑफ डलहौसी, रॅमसे घराणं, पदवी १६३३ ची. याने १८४८ ला सातारा खालसा केलं, का तर छत्रपतींनी घेतलेला दत्तक मंजूर नाही, पोटचा वारस नाही म्हणून राज्य संपलं. पुढे झाशी, नागपूर. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये बक्षीस म्हणून त्याला मार्क्वेस (अर्लच्या वरची पदवी) केलं. आणि १८६० ला स्वतः वारला तेव्हा दोन मुली, मुलगा नाही! मार्क्वेस पदवी त्याच्याबरोबरच गेली. पण जुनी अर्लची पदवी? ती चुलतभावाला, फॉक्स मॉलला, तो अकरावा अर्ल. म्हणजे साताऱ्याला जी सवलत नाकारली ती त्याच्या स्वतःच्या घरात मुकाट चालू राहिली. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, तरी वाचताना हात शिवशिवतात.

त्या फॉक्स मॉललाही मूलबाळ नव्हतं, त्याची यूकेची पॅनम्युर बॅरनी १८७४ ला संपली आणि अर्लची पदवी पुन्हा चुलत घरात, बारावा अर्ल. सेम पॅटर्न.

नीरजा_त

मुलींचं काय मग? डलहौसीच्या दोन मुली होत्या ना. स्कॉटलंडमध्ये बायकांना पदवी मिळते असं ऐकलंय.

थिसल

नीरजाताई, मिळते, पण सनदेत तसं असेल तर, किंवा पदवी इतकी जुनी असेल की मूळ सनदच नाही. उदाहरण लांब नको, मॅकेंची जमीन घेणारे सदरलँड घ्या. १७६६ मध्ये अर्ल ऑफ सदरलँड आणि त्याची बायको दोघंही गेले, मागे एक वर्षाची एलिझाबेथ. दोन पुरुष नातेवाईक दावा घेऊन उभे राहिले. केस लॉर्ड्सपुढे गेली आणि १७७१ ला निकाल त्या पोरीच्या बाजूने लागला, ती काउंटेस ऑफ सदरलँड. पुढे तिचा नवरा ड्यूक झाला, ती पदवी मात्र फक्त पुरुष वारसांची. त्यामुळे १९६३ ला पाचवा ड्यूक निपुत्रिक गेल्यावर दोन्ही पदव्यांची फारकत झाली, ड्यूक पदवी लांबच्या एगर्टन शाखेत गेली आणि जुनी अर्लची पदवी त्याच्या पुतणीकडे.

आणि हो, २०१३ च्या कायद्याने ब्रिटनच्या गादीसाठी मुलगा-मुलगी भेद काढला, पण तो फक्त गादीपुरता. लॉर्ड लोकांच्या पदव्यांना तो लागू नाही. मला विचाराल तर हे हास्यास्पद आहे, पण आहे.

डॉकयार्डकर, वंशावळीचा तक्ता केलात तर त्यात १९६३ चा उल्लेख करा, त्या वर्षीच्या कायद्याने १६ प्रतिनिधींची भानगड संपली आणि सगळ्या स्कॉटिश लॉर्डांना, बायकांनासुद्धा, सभागृह उघडं झालं. १९९९ मध्ये वंशपरंपरेने बसणाऱ्या बहुतेकांना बाहेर काढलं तेव्हा जे ९२ ठेवले त्यात चौदावे लॉर्ड रे होते, ते २०१३ ला वारले.

मंडईकर

रेचं नाव पुण्यातही होतं हं. आपली मंडई १८८६ ला सुरू झाली तेव्हा रे मार्केटच होती. जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज मंडईला त्यांचंच नाव आहे. वॉक पुण्यात पण आणा, अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून सांगायला मजा येईल.

डॉकयार्डकर

मंडईकर, नक्की. सगळ्यांचे आभार, आता तक्त्यात दोन रकाने करतो, डावीकडे १६२८ ची पदवी १५ पर्यंत चालू, उजवीकडे १८८१ ते १९२१ एवढाच एक डबा. १८७५ ला हॉलंडकडून येणारी तुटक रेघ दुसऱ्या लॉर्डपासून काढायची, बरोबर ना? अजून एक शेवटचं विचारतो, आमच्यातलेच एक काका म्हणतायत एल्फिन्स्टन रोडचं पण घ्या.

थिसल

रेघ बरोबर, दुसऱ्या लॉर्डच्या धाकट्या मुलापासूनच काढा. फक्त ११ ते १२ ही पण तुटक ठेवा, तो मुलगा नव्हता.

एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, हे नाव जॉन, तेराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनवरून, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळा, तो त्याचा काका, तो कधी लॉर्ड झाला नाही, त्याच्याशी गल्लत नको. या जॉनला १८५९ ला यूकेची बॅरन पदवी दिली, १८६० ला तो अविवाहित गेला, बॅरन पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि स्कॉटिश पदवी चुलतभावाकडे. रकाने तयारच आहेत तुमचे, नावं बदला.