नातवंडांना घेऊन भंडारदरा, टेंटमध्ये रात्र आणि धबधबे, जमेल का?

नाशिकची_आजी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नाशिकला असतो, मी ६३ ची, हे ६८ चे. पुण्याहून लेकीची मुलं येणार आहेत, नातू १० वर्षांचा आणि नात ६ ची. सप्टेंबरअखेरचा एक शनिवार-रविवार आम्ही चौघंच भंडारदऱ्याला जायचं म्हणतोय, लेक-जावयांना रजा नाही. नातवाच्या वर्गातला कुणीतरी टेंटमध्ये राहून आलाय तेव्हापासून फोन उचलला की टेंटचाच धोशा लावलाय. नातीला धबधबा बघायचाय आणि तो सुद्धा हात लावता येईल असा पाहिजे, लांबून दाखवलेला चालणार नाही हे तिने आधीच सांगून ठेवलंय.

आम्हाला दोघांना फिरायची सवय आहे, तरुणपणी कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेले आहेत. फक्त ह्यांचा गुडघा आता चढताना साथ देतो पण उतरताना दुखतो. गाडी आमची आहे आणि हे अजून व्यवस्थित चालवतात. प्रश्न असे की त्या दिवसांत पाऊस असतो तर टेंटमध्ये मुलांना झोपवावं का, रात्री बाथरूमचं काय, साप-विंचवाची कितपत भीती, आणि लहान मुलीला घेऊन चालत जाता येईल असा धबधबा कोणता. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या बाजूला एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ बघितल्यापासून लेक धबधब्याचं नाव काढू देत नाही, तिची भीती खरीच आहे आणि मलाही ती आहे, म्हणून नीट माहिती घेऊनच ठरवायचंय. ज्यांनी मुलांना घेऊन केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

सह्यभटक्या

काकू, नक्की जा, सप्टेंबरअखेर ही त्या भागाची सगळ्यात सुंदर वेळ आहे. जुलै-ऑगस्टचा धो धो पाऊस ओसरलेला असतो, धरण बहुतेक भरलेलं असतं, सोनकी फुललेली असते आणि खुरासणीची शेतं पिवळी व्हायला लागतात. दिवाळीपर्यंत थांबलात तर रस्त्याकडेचे बरेचसे छोटे धबधबे आटून जातात, मग नातीला दाखवणार काय.

नाशिकहून घोटी, बारी, वारंघुशी करत शेंडी, सत्तरेक किलोमीटर, मुलांना घेऊन थांबत थांबत अडीच तास धरा. शेंडी म्हणजे धरणाचं गाव. तिथून जलाशयाच्या दोन्ही अंगांनी रस्ते जातात, एक मुतखेल कोलटेंभे करत रतनवाडीला आणि दुसरा मुरशेत पांजरे उडदावणे करत घाटघरला.

आता धबधब्यांचं. रंधा फॉल प्रवरेवर आहे, सुमारे १७० फूट, वरून पाणी सोडलेलं असलं की जमीन हादरल्यासारखी वाटते. तो रेलिंगच्या अलीकडून बघायचा, बाजूला घोरपडादेवीचं देऊळ आहे, तिथे आजी-आजोबांनी निवांत बसावं. तिथे पाण्याच्या जवळ जायचा विचारच करू नका, रंध्याची घळ फार खोल आहे आणि कातळ शेवाळलेला. अंब्रेला फॉल धरणाच्या भिंतीखाली आहे, गोल कातळावरून पाणी छत्रीसारखं पसरतं म्हणून ते नाव, पण ते धरणातून पाणी सोडलं असेल तरच दिसतं, त्यामुळे शेंडीत विचारूनच जा. धरण स्वतःच बघण्यासारखं आहे, १९१० साली काम सुरू होऊन १९२६ ला पूर्ण झालेली दगडी भिंत आहे ती, नातवाला सांगा की आपल्या पणजोबांच्याही वेळची आहे.

हात लावायचा धबधबा रतनवाडी-घाटघरच्या रस्त्याला मिळेल. न्हाणी फॉल, नेकलेस फॉल, कोलटेंभे फॉल ही नावं रस्त्यात कुणीही सांगेल. पण खरं सांगू का, नावाच्या धबधब्यांवर वीकेंडला गर्दी, स्पीकर, निसरडं सगळं असतं. ६ वर्षांच्या मुलीला बिननावाचा ओहोळ जास्त आवडतो, कातळावरून पाणी घसरत येतंय, खाली घोट्याएवढं पाणी आणि वाळू, तिथे ती दोन तास खेळेल. असे ओहोळ त्या रस्त्यावर पावलोपावली आहेत.

आणि काकूंच्या लेकीच्या भीतीबद्दल. वाहून जाण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात की इथे ऊन पडलेलं असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, तो लोंढा काही मिनिटांत खाली येतो. म्हणून पाण्याकडे सतत एक मोठं माणूस बघत पाहिजे, फोनमध्ये डोकं न घालता. नितळ पाणी मातकट झालं, पाण्यातून पाला काटक्या यायला लागल्या, आवाज वाढला, यातलं एक जरी झालं तरी मुलांना उचलायचं आणि बाजूला वरच्या अंगाला चढायचं, चपला टॉवेल राहू देत तिथेच. बसायची जागा निवडतानाच बघा की तीन-चार पावलांत वर चढता येतं का. ओहोळाच्या मधल्या खडकावर तर फोटोलाही उभं करू नका, पाणी वाढलं की तिथून परत येता येत नाही. थेट धारेखालीही नको, धारेबरोबर दगड येतात.

सांदण दरी मात्र या दिवसांत अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिथून पाणी वाहत असतं आणि दोन्ही बाजूंना सरळ भिंती आहेत, पळायला जागा नाही.

शेंडीकर_पोरगं

मी इकडचाच आहे, सांगतो काकू. टेंट लावायचा तर गावात ओळखीच्या घराच्या अंगणात नाहीतर पडवीसमोर लावा. बरीच घरं आता पाव्हण्यांना ठेवतात, घरात एक खोली पण घ्या आणि टेंट पण लावा. रात्री पाऊस वाढला की लेकरं उचलून दहा पावलांवर घरात. संडास-बाथरूम पण घराचंच वापरता येतं, तुमचा तो प्रश्न मिटला. घर ठरवताना फोनवर हे सगळं स्पष्ट विचारा, खोली पक्की आहे का, बाथरूम घरात की मागं, रात्री लाईट गेली तर काय. आमच्याकडं वाऱ्या-पावसात लाईट जातेच, बॅटरी जवळ ठेवा.

पाण्याच्या अगदी कडंला रांगेनं लावलेले टेंट दिसतील, फोटोत लई भारी दिसतात. पावसाळ्यात तिथं लेकरांना झोपवू नये असं माझं मत. जमीन पाणथळ, वारा सरळ पाण्यावरून येतो आणि अंधारात लेकरू उठून बाहेर गेलं तर पाणी किती लांब आहे ते कळत नाही.

जनावरांचं विचारलं तुम्ही. असतात, जंगलच आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो हा भाग. फुरसं म्हणजे छोटा विषारी साप, तो दगडा-पाल्यात बसतो, दिसत नाही लवकर. म्हणून बूट सकाळी झटकून घालायचे, दगड उलटायचे नाहीत, गवतात हात घालायचा नाही, अंधार पडला की बॅटरीशिवाय एक पाऊल नाही. टेंटची चेन कायम बंद, आत-बाहेर जाताना पण. आणि टेंटमध्ये खायला न्यायचं नाही, त्यानं मुंग्या, उंदीर येतात आणि उंदरामागं साप येतो. काही झालंच तर चिरा मारणं, आवळून बांधणं असलं काही करायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा आणि सरळ दवाखाना. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, ॲम्ब्युलन्सला १०८. काही ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर कुठं उभं राहिलं की फोन लागतो तेवढं घरमालकाला आधीच विचारून ठेवा.

जेवायला चुलीवरची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, वेळ असली तर रानभाज्या सांगा. आमच्याकडचा काळभात जरूर मागा, दूध-भात लहान पोरगी आवडीनं खाईल. तिखट कमी करायला आधी सांगा, आमच्या बाया मिरची टाकताना हात आखडत नाहीत.

ठाणे_आबा

ताई, मी गेली काही वर्षं दोन नातवांना घेऊन जातो, त्यातला धाकटा तुमच्या नातीएवढाच. दोन-तीन गोष्टी वरच्या मंडळींनी सांगितल्या नाहीत त्या लिहितो.

चालायला रतनवाडी घ्या. अमृतेश्वराचं देऊळ आहे, फार देखणं, कोरीव खांब, शेजारी पुष्करणी. देवळापासून रतनगडाच्या दिशेने पायवाट निघते, सुरुवातीला जवळजवळ सपाट, एका बाजूला प्रवरेचा ओढा, समोर रतनगड. ही वाट पुढे तो ओढा ओलांडते, आणि एकदा नाही, बऱ्याच वेळा. पहिला ओलांडा आला की तिथून मागे फिरायचं, पाणी कमी दिसत असलं तरी, कारण पलीकडे गेल्यावर पाणी वाढलं तर चिमुरडी आणि दुखरा गुडघा घेऊन अडकाल. मुलांना घरूनच सांगून ठेवा की ओढा हा आपला शेवट, म्हणजे तिथे रडारड होत नाही. जाऊन येऊन दीड-दोन तास आरामात जातात, खेकडे बघत, गोगलगायी बघत. मोठ्यांच्या चालीने ६ वर्षांचं मूल चालवू नका, तिच्या चालीने तुम्ही चाला, साहेबांच्या गुडघ्यालाही तेच बरं. साहेबांना दोन काठ्या द्या, एक नको, उतरताना दोन्हीवर भार गेला की फरक पडतो, आणि नी-कॅप आहे म्हणून काठी गाडीत ठेवू नका.

मुलं भिजली की आपल्यापेक्षा फार लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की खेळ बंद, सगळे ओले कपडे काढून कोरडे, टोपी आणि गरम काहीतरी पोटात. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्रत्येकाचा, दोन प्लास्टिक पिशव्यांत गाठ मारून गाडीत, आणि तो फक्त झोपताना घालायचा, दिवसा कितीही मोह झाला तरी उघडायचा नाही. जीन्स नको, वाळत नाही. चप्पल-क्रॉक्स नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा रबरी तळाचे बूट.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी बांधा. धबधब्याजवळ हाक ऐकू येत नाही. हरवलं, भीती वाटली तर जिथे आहे तिथेच उभं राहून तीन वेळा शिट्टी. माझे नातू हे घरी सोफ्यामागे लपून पाठ करतात, खेळ म्हणून.

टेंटचं थोडं. खाली ताडपत्री घालतात तिची कड टेंटच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर वरून ओघळणारं सगळं पाणी तिच्यावर जमून थेट अंथरुणाखाली येतं, कड आत दुमडा. वरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, ताणे नीट ओढून घ्या. आणि पाऊस आहे म्हणून झरोके बंद करू नका, चार जणांच्या श्वासाची वाफ धरते आणि पहाटे आतूनच पाणी ठिबकतं, मग सगळे म्हणतात टेंट गळतो. जाण्याआधी एकदा घराच्या गच्चीवर लावून मुलांना त्यात दुपारी झोपवून बघा, नातवाला खुंट्या मारू दे, त्याचा अर्धा आनंद तिथेच आहे.

मीनल_डोंबिवली

मी थोडं उलट बोलते, रागावू नका. एवढं सांभाळून जायचं तर डिसेंबरात का नाही जात? थंडी छान, आकाश स्वच्छ, तारे दिसतात, टेंट कोरडा. सप्टेंबरअखेरीस परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात आणि मोकळ्या जागेतला टेंट विजेपासून काहीच वाचवत नाही, हे कुणी बोललंच नाही अजून. दोन मुलं आणि सोबत फक्त ज्येष्ठ, तिसरं तरुण माणूस नाही, मला धाकधूक वाटते.

सह्यभटक्या

मीनल, विजेचा मुद्दा अगदी बरोबर, लिहायला हवा होता. काकू, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर घ्या, आसपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. पाण्यावरचं सगळं काम सकाळी, जेवायच्या वेळेपर्यंत उरकायचं. गडगडाट ऐकू आला की टेंट सोडून पक्क्या घरात नाहीतर गाडीत काचा बंद करून, एकट्या झाडाखाली नाही. पण डिसेंबरात धबधबा नाही आणि नातीची फर्माईश धबधब्याची आहे ना. एक तरुण माणूस सोबत पाहिजे हे मात्र पटलं, रतनवाडीतून गावातला वाटाड्या घ्या, त्याला ओढ्याचं पाणी कळतं, आणि तो नको म्हणाला की नको.

अजून एक, पावसाळ्यात जिल्हाधिकारी कधी कधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश काढतात. निघायच्या आदल्या दिवशी शेंडीत फोन करून विचारा. आदेश असेल तर मागच्या वाटेने घुसवणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

नाशिकची_आजी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी घरचं माणूस सांगत नाही. आमचं ठरलं. शेंडीकर म्हणतात तसं घरात खोली आणि अंगणात टेंट. शनिवारी रंधा लांबून, मग न्हाऊ-खेळू असा ओहोळ दुपारच्या आत, रविवारी सकाळी रतनवाडी आणि पहिल्या ओलांड्यापाशी परत, वाटाड्या घेऊन. हा धागा लेकीला पाठवला, तिने सगळा वाचला आणि तिची एकच अट आहे, माझा भाचा सोबत यायला हवा. तो २४ चा आहे, पट्टीचा पोहणारा, तो तयार झालाय. मीनल, तुझ्यामुळे हे झालं गं.

शेवटचं विचारते, नात घाटात गाडी लागून उलट्या करते. घोटीकडून रस्ता कसा आहे?

शेंडीकर_पोरगं

काकू, कसाऱ्यासारखा मोठा घाट तुम्हाला नाशिकहून लागतच नाही. घोटीपासून वळणं आहेत पण हळू चढतो रस्ता. बारीच्या अलीकडं-पलीकडं थोडे खड्डे असतात पावसाळ्यात, तिथं काकांना दमानं घ्यायला सांगा. पोरीला पुढच्या बाजूची काच थोडी खाली करून बाहेर बघत बसवा, निघताना दूध देऊ नका, कोरडी भाकरी नाहीतर खारी द्या. बारीला थांबून कळसूबाई दाखवा तिला, ढग नसले तर शिखरावरचं देऊळ रस्त्यावरून दिसतं.