मदत हवी आहे: सिकलसेल (एसएस) असलेल्या बहिणीला नर्सिंग झेपेल का? दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का?

नमस्कार मंडळी,
आम्ही धडगावकडचे, पावरा. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. नुसती वाहक नाही, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चालू असली की बरी असते. पण थंडीत, किंवा उन्हात पाणी न पिता शेतात राबली, की हाडं अशी ठणकतात की नंदुरबारला सिव्हिलला न्यावंच लागतं.

तिला बीएस्सी नर्सिंगच करायचंय, सीईटी दिली आहे. (आई म्हणते डीएड कर, बसून काम. डीएड करून बसलेलेच आमच्या पाड्यावर पुष्कळ आहेत, ते सोडा.)

सिकलसेल 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो. म्हणून गावातले गुरुजी म्हणतात, प्रमाणपत्र काढ, नोकरीत जागा राखीव असतात. उलट एका खाजगी कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "आजार कागदावर आणलात तर मेडिकल फिटनेसला उडवतील, गप्प बसा." गप्प बसायचं, आणि नाइट ड्यूटीत दुखणं उठलं तर काय करायचं?

जातवैधता हातात आहे, अनुसूचित जमातीच्या जागेवर अर्ज होईल. हॉस्टेल नाही मिळालं तर स्वयं योजनेला (आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात ती) अर्ज करू. एसएस असून नर्सिंग केलेलं कुणी आहे का इथे? रात्रपाळ्या निभावल्या का? कॉलेजला सांगितलं होतं? की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) बरं?

प्रतिसाद १
दादा, मी गडचिरोलीकडे सिकलसेलच्या रुग्णांसोबत काम करते. गुरुजींचं अर्धंच बरोबर आहे. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सगळ्यांना आहे. सरकारी नोकरीच्या 4 टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. हे आधी कुणी सांगत नाही आणि पोरं भरतीच्या वेळी तोंडघशी पडतात. नर्सिंगची दिव्यांग जागाही फक्त पायाच्या 40 ते 50 टक्के दिव्यांगत्वाला असते, म्हणजे तिथे ताईला जमातीचीच जागा.

तरी प्रमाणपत्र काढाच. उद्या दुसरा कोर्स घेतला तर उपयोगी पडेल. प्रमाणपत्रासाठी मेडिकल बोर्डापुढे जाताना डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी सोबत न्या, टक्केवारी त्यावर बरीच अवलंबून असते. क्लार्कचं ऐकू नका. तिच्या डॉक्टरांकडून "गोळीवर तब्येत स्थिर आहे" असं पत्र घ्या आणि फिटनेसच्या वेळी तेच पुढे करा. रात्रपाळीपेक्षा मला ऑपरेशन थिएटरच्या एसीची जास्त धास्ती वाटते. तिथली पोस्टिंग थंडीत नको, असं प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा. अर्थात त्यासाठी आजार माहीत असायला हवा त्यांना.

धागाकर्ता
ताई, फार आभार. पत्राचं उद्याच बघतो. जुनी डिस्चार्ज कार्डं मागच्या पावसात भिजून गेली. सिव्हिलमधून परत काढून मिळतात का? केसपेपरचे नंबर आहेत थोडे.