डोक्यावरची ओढणी आणि दंडावरचे बुद्ध

लक्ष्मीनगरवाली

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण आबुधाबीला जाऊन आलो. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचते. शेख झायेद मशीद बघायची हे निघायच्या आधीच ठरलं होतं आणि तिथले नियम मी घरच्या ग्रुपवर टाकून ठेवले होते. बायकांनी केस झाकायचे, कपडे सैल आणि घोट्यापर्यंत, पुरुषांना हाफपँट चालत नाही. सासूबाई, जाऊबाई आणि मी, तिघींनी ओढण्या घेतल्या. नणंदेने घेतली नाही. तिथे पोचल्यावर शांतपणे म्हणाली, "मी डोकं झाकणार नाही. तुम्ही जाऊन या, मी बसते बाहेर."

सासूबाईंनी आपल्या पर्समधून जादाची ओढणी काढून पुढे केली. नणंदेने ती घेतली, घडी घातली आणि परत पर्समध्ये ठेवली. बस्स, एवढंच. आम्ही आत गेलो. ८२ घुमट, संगमरवर, पायाखाली इराणच्या कारागिरांनी हाताने विणलेला तो भलामोठा गालिचा. सासूबाई निम्मा वेळ मागे वळून बघत होत्या.

रात्री हॉटेलवर व्हायचं ते झालं. माझं म्हणणं असं की दुसऱ्याच्या घरी गेलं की तिथली रीत पाळावी, चपला बाहेर काढतो तसंच हे. नणंद म्हणाली, "वहिनी, चपला सगळेच काढतात. केस फक्त आपण बायकांनीच झाकायचे." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता तीन आठवड्यांनी सुचतं आहे असं वाटतं, पण आधी तुम्ही बोला.

धागा हिंदू-मुस्लिम करू नका. करणाऱ्याला सावजीचा रस्सा पाण्याशिवाय पाजण्यात येईल.

महालकर काका

ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर. परदेशात आपण एकटे नसतो, आपल्यामागे देशाचं नाव असतं. २०१९ सालची भूतानची गोष्ट आठवा. दोचुला खिंडीत १०८ चोर्तेन म्हणजे स्तूप आहेत, २००३ च्या मोहिमेत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी राजमातेने बांधलेले. आपल्या महाराष्ट्रातला एक बायकर त्यातल्या एकावर शिडी लावून चढला आणि फोटो काढून घेतला. पासपोर्ट जप्त झाला. त्यानंतर दोन वर्षांनी नाही, त्याच हिवाळ्यात मी तिकडे गेलो होतो. गाडीचा ड्रायव्हर "महाराष्ट्र?" म्हणून हसला, तेव्हा मान खाली गेली माझी.

आणि हे फक्त पूर्वेकडे नाही. रोममध्ये सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेलेच पाहिजेत. आमचे जावई बर्म्युडावर. त्यांना परत फिरवलं. बाहेर फेरीवाल्याकडून हत्ती छापलेली पातळ विजार घेतली, ती घालून आत गेले. कुठे गेला स्वाभिमान? कुठेच नाही. उलट ती विजार अजून रात्री घालतात.

तर्रीपोहा

काका, तुम्ही भूतानचा मुद्दा कुठून कुठे जोडून राहिले? स्मारकावर चढणं आणि केस मोकळे ठेवणं एकच आहे का? एकात तुम्ही दुसऱ्याच्या वस्तूला पाय लावला. दुसऱ्यात बाई नुसती स्वतःच्या डोक्यासकट उभी आहे.

आणि तुमच्या जावयांना रोममध्ये जो नियम लागला, तोच तुमच्या मुलीलाही लागला. नणंदेचा मुद्दा नेमका तोच आहे.

२०१८ मध्ये पुण्याची सौम्या स्वामिनाथन इराणातल्या हमदानच्या आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धेला गेली नाही, कारण डोक्याला स्कार्फ सक्तीचा. तिच्या आधी २०१६ ला नेमबाज हिना सिद्धूने तेहरानची स्पर्धा सोडली होती. या दोघींनी कोणाचा अपमान केला? कोणाचाच नाही. पुढे त्याच इराणात, सप्टेंबर २०२२ मध्ये, स्कार्फ नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळली आणि गेली. त्यानंतर तिथल्याच बायका रस्त्यावर स्कार्फ जाळत होत्या. "तिथल्या रीतीला मान द्या" म्हणता तेव्हा तिथली म्हणजे कोणाची? रस्त्यावरच्या पोरींची की त्यांना गाडीत घालणाऱ्यांची?

सिव्हिल लाइन्स

मुद्दा जोरदार आहे, पण अर्धाच. २०१७ ची महिला विश्वविजेतेपदाची स्पर्धा तेहरानलाच होती. द्रोणवल्ली हरिका आणि पद्मिनी राऊत स्कार्फ बांधून खेळल्या, हरिका उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्या भित्र्या होत्या असं मी तरी म्हणणार नाही. दोन वर्षं तयारी केलेली असते, पटावर वजीर उभा असतो आणि डोक्यावर कापड असतं. कोणाला कापड जड होतं, कोणाला स्पर्धा सोडणं.

दुसरं, सक्ती नेहमी झाकायचीच असते असं नाही. त्याच इराणात १९३६ साली रझा शाहने बुरखा-चादरीवर बंदी घातली होती. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं ओढून काढायचे. कित्येक बायका घराबाहेर पडायच्या बंद झाल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर तेच यंत्र उलटं फिरवलं. फ्रान्समध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात काही गावांनी समुद्रकिनाऱ्यावर बुर्किनीला, म्हणजे अंगभर पोहण्याच्या पोशाखाला, बंदी केली, त्यातल्या एका गावाची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्थगित केली. कापड किती हा वाद नाहीच हा. कात्री कोणाच्या हातात, हा आहे.

पण प्रार्थनास्थळ हे रस्त्यापेक्षा वेगळं. रस्त्यावर मला जावंच लागतं. मशिदीत, देवळात, चर्चमध्ये मी आपल्या पायाने जातो. म्हणून आबुधाबीचा नियम आणि तेहरानचा कायदा मी एका तागडीत टाकणार नाही.

(अवांतर: बुद्धिबळ निघालंच आहे तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर लिहिलं होतं की प्रेक्षक डाव सोडून तिचे कपडे, केस आणि उच्चार बघतात. तिथे कुठलाच स्कार्फ सक्तीचा नव्हता. पुढच्या वर्षी पोरीने जॉर्जियातल्या बातुमीहून महिला विश्वचषक आणला, ते सोडा.)

म्युनिकची वऱ्हाडीण

काका, तुमच्यासाठी उलटा पेपर काढते.

इकडे जर्मनीत सौनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत, कपडे घालून जायचं नसतं. स्विमिंगचेही नाही. बहुतेक ठिकाणी बाया-माणसं एकत्रच. टॉवेल अंगाखाली अंथरायचा, घाम लाकडाला लागता कामा नये, एवढाच काय तो शिष्टाचार. माझा मोठा भाऊ मागच्या हिवाळ्यात नागपूरहून आला. मी सगळं सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर बनियन, असा जाऊन बसला. समोर सत्तरीच्या एक आजी, अंगावर एक चष्मा तेवढा. आजींनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू हाच इथे काहीतरी अश्लील करून राहिला. दोन मिनिटांत माणूस आला आणि म्हणाला, एकतर कपडे काढा, नाहीतर बाहेर. दादा लाल होऊन बाहेर आला. उष्णतेने की कशाने ते विचारलं नाही.

जपानला ओनसेनमध्येही, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहात, तेच, फक्त बाया आणि पुरुष वेगळे. कपडे घालून पाण्यात उतरणं म्हणजे घाण करणं.

तर काका, जिथे जाऊ तिथली रीत पाळायची म्हणता ना? मग पुढच्या खेपेला या, तिकीट माझं.

महालकर काका

आम्ही सौनात जाणारच नाही. प्रश्न मिटला.

म्युनिकची वऱ्हाडीण

म्हणजे तुम्ही बाहेर बसाल.

नणंदेनेही तेच केलं की हो! आत जाऊन ओढणी काढली नाही, पहारेकऱ्याशी वाद घातला नाही, व्हिडिओ काढून टाकला नाही. नियम मान्य नाही म्हणून उंबरठ्याच्या अलीकडे थांबली. माझ्या मते त्या सात जणांत मशिदीचा नियम तिनेच सगळ्यात गंभीरपणे घेतला. बाकीच्यांनी ओढणी तिकिटासारखी दाखवली आणि फोटो काढले.

तर्रीपोहा

👏 काकांचा वजीर गेला.

महालकर काका

वजीर गेला तरी डाव आहे. कुटुंबासोबत गेलं की एकटीचं तत्त्व एकटीपुरतं राहत नाही. त्या माउलीची संध्याकाळ मागे वळून बघण्यात गेली, ते ताईंनी लिहिलं आहे. त्याचं काय? तत्त्व हॉटेलवरच सांगायचं होतं, "मी येत नाही" म्हणून. दारात नाही.

सिव्हिल लाइन्स

हे मात्र मान्य.

इंदोऱ्याचा पोरगा

जय भीम सगळ्यांना. तुमचा वाद वाचून माझा खराखुरा प्रॉब्लेम टाकून राहिलो, थट्टा नका करू.

माझ्या उजव्या दंडावर भगवान बुद्धांचा टॅटू आहे. पाच वर्षं झाली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाहेर काढला. रांग होती, कोणी "जय भीम" काढत होतं, कोणी बाबासाहेब. दीड तास बसलो. काढणारा पोरगा म्हणाला, दुखलं तर सांग. मी म्हटलं, माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला याच मैदानात उभा होता, तू काढ बिनधास्त. तो टॅटू म्हणजे शौक नाही माझा.

येत्या फेब्रुवारीत आमच्या विहारातले आम्ही २२ जण श्रीलंकेला जाणार आहोत. अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष, कँडीचं बुद्धांचं दंतमंदिर. आता ट्रॅव्हलवाला सांगते की भाऊ, तिकडे बुद्धाचा टॅटू चालत नाही. मी म्हटलं काही पण! शोधलं तर खरंच निघालं. २०१४ च्या एप्रिलमध्ये एका ब्रिटिश नर्सला कोलंबो विमानतळावर दंडावरच्या कमळातल्या बुद्धासाठी पकडलं आणि देशाबाहेर काढलं. ती स्वतः बौद्ध होती.

म्हणजे इथे ज्याच्यासाठी आई शेजाऱ्यांना माझा दंड दाखवते, तिथे तोच दंड अपमान. धर्म एकच, बुद्ध एकच. आता मी काय करू?

तर्रीपोहा

काही झाकू नको भाऊ. त्या नर्सची पुढची गोष्ट वाच. ती कोर्टात गेली, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, आठ लाख श्रीलंकन रुपये भरपाई. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे.

सिव्हिल लाइन्स

कायदा बाजूने आहे, पण साडेतीन वर्षांनी. याचं परतीचं तिकीट आठव्या दिवसाचं आहे. नर्सला भरपाई मिळाली, तरी ती सहल काही परत मिळाली नाही.

आणि पोरा, एक अजून लक्षात ठेव, सगळ्या २२ जणांना सांग. तिकडे बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी म्हणजे पाठच. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून तीन फ्रेंच पर्यटकांना तिथल्या कोर्टाने शिक्षा सुनावली होती, स्थगित का होईना. आपण इथे मूर्तीसमोर उभं राहून बिनधास्त फोटो काढतो, त्यात अपमान आहे हे आपल्या डोक्यातही येत नाही.

महालकर काका

बेटा, तुझ्या श्रद्धेला कोणी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या डोळ्यांनी बघ. त्यांच्याकडे बुद्ध उंच आसनावर, आणि तू त्याला दंडावर घेऊन बाथरूममध्येही जातोस. आपल्याकडे काही जण देवाचं लॉकेट काढून ठेवतात, तसंच समज. पूर्ण बाहीचा पांढरा सदरा घाल, तसेही तिथे विहारात पांढरेच घालतात.

इंदोऱ्याचा पोरगा

काका, तुमचं बोलणं वाईट नाही वाटलं. पण देवाच्या लॉकेटशी नका जोडू. आम्ही बुद्धाला देव मानत नाही, बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा आहेत आमच्याकडे. माझ्यासाठी तो उंच आसनावरचा नाही, सोबत चालणारा आहे. हे त्यांना कोण सांगेल? विमानतळावरच्या साहेबाला?

महालकर काका

बरोबर बोललास. लॉकेट मागे घेतो.

लक्ष्मीनगरवाली

धागा नणंदेला पाठवला. तिने सगळा वाचला आणि फक्त एक तक्रार केली. "वहिनी, मी पूर्ण बाहीचा सैल कुर्ता आणि घोट्यापर्यंत पलाझो घालून आले होते, हे तू लिहिलंच नाहीस. लोकांना वाटेल मी हाफपँटवर आले होते." खरं आहे. तिचे कपडे माझ्यापेक्षा सैल होते. तिचा नकार फक्त केसांपुरता होता. लिहिताना ते माझ्याकडून सुटलं, आणि का सुटलं याचा विचार काल रात्री केला.

मला सुचलेलं उत्तर असं होतं की अगं, मे महिन्यात ४५ अंशांत तू ॲक्टिव्हावर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतेसच की! जाऊबाई म्हणाली, हे तिला सांगू नकोस, ती म्हणेल ऑफिसात पोचल्यावर मी सोडते आणि कोणी विचारत नाही. तिला न सांगताच माझं उत्तर संपलं.

नणंदेने मला उलट विचारलं, २०२३ च्या मे महिन्यात आपल्याकडे चार मंदिरांनी वस्त्रसंहिता जाहीर केली, त्यात धंतोलीचं गोपाळकृष्ण मंदिरही होतं, तेव्हा तू जीन्सवाल्या पोरींची बाजू घेऊन दोन दिवस फेसबुकवर भांडली होतीस. मग तिथे रीत आणि इथे सक्ती, कसं? मी म्हटलं, इथे माझं घर आहे, घरात भांडायचा हक्क आहे. तिथे मी पाहुणी. हे मला अजूनही पटतं. तिला पटलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, दोघी पोहे खा, गार होतात.

म्युनिकची वऱ्हाडीण

पाहुणीला भांडायचा हक्क नाही, पण जेवायला नाही म्हणायचा आहे.

आणि इंदोऱ्याच्या भावा, पूर्ण बाहीची गरम होईल. ते उन्हाळ्यात गाडीवर घालायचे लांब हातमोजे असतात ना, खांद्यापर्यंतचे, सीताबर्डीवर फूटपाथवर मिळायचे, ते घे. दंडसुद्धा झाकतो, वरून अर्ध्या बाहीचा सदरा चालतो.

इंदोऱ्याचा पोरगा

हाव ताई, आयडिया भारी आहे. आत्ताच बर्डीहून आलो. हिवाळ्यात कोणी ठेवत नाही म्हणे, एका जवळ मागच्या सीझनचे निघाले. पांढरे नव्हते, चामडीच्या रंगाचे भेटले. घरी घालून पाहिले, टॅटू दिसत नाही.

आई दारातून पाहून राहिली होती. म्हणते, "बुद्धाले झाकून बुद्धाले भेटाले चालला का बे?"

अजून काढले नाहीत, तसाच घालून बसलो आहे.