शब्दचर्चा : पेट स्कॅनमधला 'अपटेक' आणि रेडिएशनमधलं 'टार्गेट'

प्रश्न : रुग्णांसाठी पेट स्कॅनचं (शरीरात दिलेलं किरणोत्सर्गी द्रव्य कुठे साठतं ते दाखवणाऱ्या तपासणीचं) माहितीपत्रक मराठीत करते आहे. अहवालात 'एफडीजी अपटेक' येतं, त्याला 'शोषण' लिहावं की 'ग्रहण'? आणि 'टार्गेटेड रेडिएशन'ला 'लक्ष्यवेधी किरणोपचार' चालेल का?

उत्तर १ : 'शोषण' नकोच. शोषलेलं पुढे वापरलं जातं, असा त्याचा भाव आहे. इथे उलट घडतं. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेला ग्लुकोजसारखा रेणू. पेशी तो साखरेसारखाच आत घेते, त्याला फॉस्फेटही जोडते, पण पुढची प्रक्रिया होत नाही आणि रेणू आतच अडकतो. स्कॅनला दिसतं ते हे अडकलेलं. 'ग्रहण' अर्थाने बरोबर आहे, पण धास्तावलेल्या माणसाला 'फुप्फुसात ग्रहण' कसं वाचायला द्यायचं?

शेतीच्या मराठीत तयार शब्द आहे : पिकं अन्नद्रव्यांची 'उचल' करतात. 'गाठीत एफडीजीची उचल जास्त आहे' हे कुणालाही कळेल. एसयूव्ही हा आकडा या उचलीचंच माप. दिलेली मात्रा आणि रुग्णाचं वजन हिशोबात धरून काढलेलं.

मात्र 'जास्त उचल म्हणजे कर्करोग' असं वाक्य कुठेही येऊ देऊ नका. मेंदू एरवीही भरपूर उचल करतो. मूत्राशयात एफडीजी लघवीवाटे साठतं. क्षयाच्या गाठी, जंतुसंसर्ग, भरत आलेली जखम, सगळीकडे उचल वाढते. उलट प्रोस्टेटच्या बऱ्याच कर्करोगांत ती कमीच असते.

उत्तर २ : 'उचल' आवडला. 'लक्ष्यवेधी'बद्दल मात्र माझी हरकत आहे, कारण एकाच शब्दात दोन वेगळे उपचार कोंबले जातात.

बाहेरून किरण देतात तेव्हा लक्ष्य म्हणजे सीटीवर आखलेला आकार. आधी दिसणारी गाठ, तो जीटीव्ही. मग आजूबाजूला न दिसता पसरलेला असू शकेल तो रोग धरून सीटीव्ही. त्याभोवती श्वासाची हालचाल आणि रोज झोपवण्यातला फरक यांसाठी जागा सोडून पीटीव्ही. फुप्फुसाचा भाग मिटला असेल तर सीटीवर गाठ कुठे संपते आणि मिटलेलं फुप्फुस कुठे सुरू होतं हे कळत नाही. तिथे पेट फार मोलाचं ठरतं. पण पेटची कडा धूसर असते. चित्र काही मिनिटं घेतलं जातं, तेवढ्यात रुग्ण श्वास घेतच असतो. शिवाय सर्वाधिक उचलीच्या ४० टक्क्यांवर रेघ धरली तर आकार मोठा येतो, ५० टक्क्यांवर धरली तर लहान. म्हणून 'पेट लक्ष्य ठरवतं' असं लिहू नका. 'लक्ष्य आखायला मदत करतं' लिहा. रेघ शेवटी डॉक्टरच ओढतात.

दुसऱ्या उपचारात आखणी नसतेच. किरणोत्सर्गी लुटेशियम-१७७ जोडलेलं औषध शिरेतून देतात आणि ते प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशीवरच्या पीएसएमए या प्रथिनाला जाऊन चिकटतं. इथे लक्ष्य म्हणजे ते प्रथिन. आधी गॅलियम-६८ जोडलेला तसाच रेणू देऊन पेट काढतात. गाठींत त्याची पुरेशी उचल नसेल, तर लुटेशियमही तिथे पोचणार नाही. गॅलियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, ६८ मिनिटं, चित्रापुरतं पुरतं. लुटेशियमचं साधारण साडेसहा दिवस, म्हणून ते गाठीत राहून काम करतं.

पहिल्याला 'आखीव किरणोपचार' आणि दुसऱ्याला 'लक्ष्यगामी किरणौषध' म्हणावं, असं मला वाटतं.

प्रश्नकर्ती : दोन्ही घेते. 'हॉट स्पॉट'चं काय करू? 'गरम जागा' लिहिलं होतं.

उत्तर १ : काढून टाका, अंगात ताप आहे असं वाटतं. पेटमध्ये उष्णता मोजतच नाहीत. एफडीजीतल्या फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन हा कण आणि शरीरातला इलेक्ट्रॉन भेटले की विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात, ते यंत्राचं कडं टिपतं. लाल-पिवळा रंग संगणकाने दिलेला. 'जास्त उचलीची जागा' पुरे.

उत्तर २ : एक ओळ आणखी घालाच : रेडिएशननंतर सुजेमुळेही उचल वाढते, म्हणून डोकं-मानेच्या कर्करोगात तपासणीचं पेट साधारण १२ आठवड्यांनी करतात. घाईने काढलेल्या स्कॅनवर 'रोग उरला' असा अर्थ लावून घरचे लोक उगाच खचतात.