वेब सर्व्हिस चालू आहे का नाही ते प्रोग्रॅममधून कसं तपासता? (दूध संकलनाचं सॉफ्टवेअर, सल्ला हवाय)

किटलीवाला (सोमवार, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. मी सांगलीकडं छोटी सॉफ्टवेअरची कामं करतो, एकटाच आहे, टीम बीम काही नाही. 11 गावांतल्या दूध संकलन केंद्रांवर माझा प्रोग्रॅम चालतो. सभासद कॅन घेऊन येतो, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरनं दर लागतो आणि पावती निघते. व्हीबी डॉट नेट, फ्रेमवर्क 4.5, बरेचसे पीसी विंडोज 7 चे, काहींच्या कीबोर्डवर दुधाचा थर हाय.

आता वरच्या दूध संघाची वेब सर्व्हिस (इंटरनेटवरनं नोंदी घेणारा त्यांचा प्रोग्रॅम) आली आहे, प्रत्येक नोंद तिकडं गेली पाहिजे. म्हणून मी असं केलं की पावती काढायच्या आधी सर्व्हिस चालू आहे का ते बघायचं, चालू असेल तर नोंद पाठवायची, उत्तर आलं की पावती. बघायचं कसं तर आधी विंडोजला विचारतो नेटवर्क आहे का, मग सर्व्हरला पिंग मारतो (जिवंत आहेस का अशी छोटी हाक), मग सर्व्हिसचं डॉट एएसएमएक्स पान (तिची माहिती दाखवणारं वेबपान) मागवतो आणि 200 (सगळं ठीक असा कोड) आलं की ओके.

अडचणी अशा की पिंग कधीकधी फेल दाखवतं पण ब्राउझरमध्ये पान उघडतंय. पिंग काढून टाकलं तर दोन नोंदी झकास जातात आणि तिसऱ्याला प्रोग्रॅम दीड मिनिट गप्प बसतो आणि टाइमआउट, बंद करून चालू केला की परत दोन नोंदी. आणि दोन गावांत तर पहिल्यापासून एकदाही कनेक्ट झालेलं नाही, त्यातल्या एका गावात तरी ब्राउझरमध्ये उघडतं. सकाळी साडेसहाला लाइनीत चाळीस माणसं उभी असतात आणि सचिव मला फोन लावून फोन स्पीकरवर टाकतात. तपासायची खात्रीची पद्धत कुठली, कुणी सांगेल का?

नेटवर्क नाना (सोमवार, रात्री 11:05)

पिंगचा नाद सोड. पिंग जातं आयसीएमपी नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवरून आणि बऱ्याच ठिकाणी फायरवॉलवर ते बंदच करून ठेवलेलं असतं, तुझी सर्व्हिस चालते 443 पोर्टवर (सुरक्षित वेबच्या दारावर), दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पिंग आलं म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच, मशीनवरची सर्व्हिस मेलेली असू शकते. आणि ते विंडोजला नेटवर्क आहे का विचारणं तर त्याहून निरुपयोगी, राउटरपर्यंत केबल नीट असली की ते हो म्हणतं, पुढं राउटरचं इंटरनेट बंद असलं तरी.

443 ला टीसीपी कनेक्शन लागतंय का एवढंच बघ असंही कुणी सांगेल, ते पण अर्धवट. विंडोज सर्व्हरवर आयआयएस या वेब सर्व्हरचं अ‍ॅप्लिकेशन पूल (तुझी सर्व्हिस चालवणारा भाग) बंद पडलं तरी पोर्ट उघडाच राहतो आणि 503 (सेवा उपलब्ध नाही असा कोड) येत राहतो. दार उघडं आहे म्हणजे घरात माणूस आहे असं नाही ना.

सायली_कोथरूड (सोमवार, रात्री 11:32)

नानांशी सहमत, पण ते एएसएमएक्स पानही बदल. ते निळ्या पट्टीचं, खाली मेथडची (सर्व्हिसकडून करून घेता येणाऱ्या कामांची) नावं असलेलं पान येतं ना, ते डेटाबेसला हातही लावत नाही. मागचा डेटाबेस झोपलेला असला तरी ते पान आनंदाने 200 देतं. डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसच्या मेथडचं वर्णन असलेली फाइल) उघडून बघणाऱ्यांचं पण तेच होतं. त्यापेक्षा सर्व्हिसमध्ये एखादी वाचायची मेथड असेल, म्हणजे दरपत्रक किंवा केंद्राची माहिती आणणारी, ती कॉल कर आणि उत्तरात जे यायला हवं तेच आलंय का ते बघ. नुसत्या 200 वर विश्वास ठेवू नको, आमच्याकडे एका सर्व्हिसने "देखभालीचे काम सुरू आहे" असं सुंदर एचटीएमएल पान 200 लावून दिलं होतं आणि आमचा कोड दोन दिवस सगळं ठीक आहे म्हणत होता.

फोन पण हेच करतो बघ. अँड्रॉइड वायफायला जोडला की एका ठरलेल्या पत्त्यावर रिक्वेस्ट टाकून रिकामं 204 येतंय का बघतो, विंडोज एका छोट्या टेक्स्ट फाइलमधला ठरलेला मजकूर बघतो. वेगळं काही आलं तर समजायचं मध्ये कुणीतरी लॉगिनचं किंवा रिचार्जचं पान घातलंय.

बंड्या सॅनहोजे (सोमवार, रात्री 11:50)

बाकी नंतर, तुझं "दोन नोंदी आणि तिसरीला गप्प" वाचून मी खुर्चीतून उठलो कारण 2012 साली मी हाच बग घेऊन आठवडाभर बसलो होतो. तू एचटीटीपी वेबरिक्वेस्ट (डॉट नेटमधला रिक्वेस्ट पाठवणारा क्लास) वापरतोयस आणि गेटरिस्पॉन्स करून फक्त स्टेटस कोड बघतोयस आणि तो रिस्पॉन्स बंद करत नाहीयेस, बरोबर? डॉट नेट फ्रेमवर्कच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये एका होस्टला एका वेळी दोनच कनेक्शन मिळतात, ठरलेलंच आहे ते. दोन रिस्पॉन्स उघडे राहिले की तिसरी रिक्वेस्ट बाहेर पडतच नाही, रांगेत उभी राहते आणि टाइमआउट होऊन मरते. आणि तुझं दीड मिनिट म्हणजे घड्याळ लावून बघ, 100 सेकंद असतील, डीफॉल्ट टाइमआउट तेवढाच आहे. सर्व्हर बिचारा मोकळा बसलाय आणि तुझा तपासणारा कोडच त्याला बंद ठरवतोय!

यूजिंग ब्लॉकमध्ये घाल, तो काम झालं की रिस्पॉन्स आपोआप बंद करतो, झालं. आणि एक्सेप्शन पकडतोस तिथे पण बघ, वेबएक्सेप्शनच्या पोटात रिस्पॉन्स असतो, तोही बंद करायचा. कधीकधी हा बग आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो कारण गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा) येऊन कनेक्शन सोडवतो, त्यामुळे तुझ्या पीसीवर टेस्ट करताना सापडला नसेल.

किटलीवाला (मंगळवार, सकाळी 9:15)

बंड्याभाऊ, मोजलं. 100 सेकंद. यूजिंग घातलं आणि आज सकाळची पाळी एकदाही न थांबता गेली, कुठं भेटलात तर चहा माझ्याकडनं! पण दोन गावं अजून तशीच आहेत, "कुड नॉट क्रिएट एसएसएल टीएलएस सिक्युअर चॅनल" असं काहीतरी म्हणतं.

नेटवर्क नाना (मंगळवार, सकाळी 9:40)

टीएलएस 1.2. टीएलएस म्हणजे कनेक्शन सुरक्षित करायची पद्धत, सर्व्हरने तिची जुनी व्हर्जन बंद केली असणार. ब्राउझर स्वतःचं बघून घेतो म्हणून तिथं उघडतं, पण फ्रेमवर्क 4.5 मध्ये 1.2 आपणहून चालू नसतं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सर्व्हिसपॉइंटमॅनेजरच्या सिक्युरिटीप्रोटोकॉलमध्ये टीएलएस 1.2 लाव, एका ओळीचं काम आहे. आणि जमलं तर त्या पीसींवर फ्रेमवर्क 4.8 टाक, विंडोज 7 ला सर्व्हिस पॅक 1 असेल तर चालतं.

पण मग बाकीच्या नऊ गावांत कसं चालतंय? तिथं आधीच कुणीतरी काहीतरी अपडेट केलेलं दिसतंय.

सायली_कोथरूड (मंगळवार, सकाळी 10:10)

त्या पीसींची तारीख पण बघ रे. मदरबोर्डवरचा सेल गेला की लाइट गेल्यावर पीसी जुन्या सालात जातो आणि मग सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं त्याला वाटतं. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं तर ते जेमतेम 90 दिवसांचं असतं, म्हणजे घड्याळ फार मागे असायचीही गरज नाही.

आप्पा बॅकएंड (मंगळवार, दुपारी 2:20)

सगळे प्रतिसाद वाचले, सगळे बरोबर आहेत आणि तरी मला वाटतं प्रश्नच चुकीचा विचारलाय. पाठवायच्या आधी तपासायचंच कशाला?

बघा, तुम्ही 6 वाजून 31 मिनिटं 10 सेकंदांनी तपासलं, सर्व्हिस चालू होती. 11 व्या सेकंदाला नोंद पाठवली आणि तेवढ्यात लाइन गेली. तपासणीचा उपयोग काय झाला? उलट प्रत्येक नोंदीला दोन कॉल झाले, म्हणजे सर्व्हरवर दुप्पट भार आणि रांगेतल्या माणसाला दुप्पट थांबणं. सर्व्हिस आहे का नाही याचं सगळ्यात खरं उत्तर खरी रिक्वेस्टच देते. ती पाठवा आणि फसली तर काय करायचं ते नीट लिहा.

आणि पावती सर्व्हिसवर अवलंबून का आहे? दूध काट्यावर मापलं, फॅट लागली, दर तुमच्याकडे आहे, मग पावती द्या की त्याला, तो बिचारा म्हशी सोडून आलाय. नोंद आधी आपल्याच पीसीवर एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये) लिहा, "पाठवायची बाकी" असा शिक्का मारून. मागे दुसरा थ्रेड (समांतर चालणारं काम) बसवा जो त्या बाकी नोंदी एकेक करून पाठवेल आणि तिकडून पोचल्याचं उत्तर आलं की शिक्का बदलेल. सर्व्हिस दहा मिनिटं बंद असो का दोन तास, रांगेला कळायचंही कारण नाही. साधं गणित सांगतो, 99.5 टक्के चालू राहणारी सर्व्हिससुद्धा 30 दिवसांच्या महिन्यात 3 तास 36 मिनिटं बंद असू शकते आणि ती वेळ सकाळी साडेसहाचीच नसेल कशावरून.

किटलीवाला (मंगळवार, रात्री 9:55)

आप्पा, पटलं, पण एक भीती वाटते. मागच्या महिन्यात टाइमआउट आला म्हणून मी नोंद परत पाठवली आणि संघाकडं एकाच सभासदाचं दूध दोनदा चढलं. 8 लिटर गाईचं दूध, फॅट 3.5, एसएनएफ 8.5, सगळं तंतोतंत सेम. दहा दिवसांनी बिलाला कळलं. आता मागचा थ्रेड आपोआप परत परत पाठवत बसला तर गावात दुधाचा पूर यील.

आप्पा बॅकएंड (मंगळवार, रात्री 10:30)

हा खरा मुद्दा आहे. टाइमआउट म्हणजे "नाही" नव्हे, टाइमआउट म्हणजे "माहीत नाही". नोंद तिकडे पोचून लिहिली गेली आणि फक्त उत्तर परत येताना हरवलं असंही होतं, तुमचं तेच झालंय.

उपाय असा की प्रत्येक नोंदीला तुमच्याच पीसीवर एक कायमचा नंबर द्यायचा. जीयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा आपोआप बनणारा लांब कोड) चालेल, नाहीतर केंद्राचा कोड, तारीख, सकाळ का संध्याकाळ आणि पावती नंबर जोडून करा. कितीही वेळा पाठवली तरी नंबर तोच. संघाच्या बाजूला तो नंबर आधी आलेला असेल तर नवी नोंद करायची नाही, "मिळाली होती" एवढं उत्तर द्यायचं. त्यांच्या प्रोग्रॅमरशी बोला, त्यांच्या टेबलात एक कॉलम आणि एक युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा येऊ न देणारा), इतकंच आहे. ते जमेपर्यंत टाइमआउट झालेली नोंद परत पाठवायच्या आधी ती तिकडे आहे का हे विचारणारी मेथड असेल तर ती वापरा, तपासायचंच असेल तर हे तपासा.

बंड्या सॅनहोजे (बुधवार, सकाळी 7:20)

+1. आणि परत पाठवताना दर सेकंदाला ठोकू नकोस. आधी 30 सेकंद थांब, मग 1 मिनिट, 2, 4, असं वाढवत 15 मिनिटांपर्यंत ने आणि प्रत्येक वेळी थोडे रँडम सेकंद मिसळ. नाहीतर संघाची सर्व्हिस तासाभराने उठली की सगळी केंद्रं एकाच क्षणी तिच्या उरावर बसतील आणि ती परत आडवी होईल. 503 सोबत रिट्राय-आफ्टर हेडर आला तर तो सांगेल तेवढं थांब.

उत्तरांत फरक पण कर. 401 किंवा 403 म्हणजे सर्व्हिस चालू आहे, तुझा पासवर्ड किंवा परवानगी गंडली आहे, परत पाठवून काही होणार नाही. 400 म्हणजे नोंदीतच चूक, ती बाजूला काढ नाहीतर तिच्या मागच्या सगळ्या अडकतील. 502, 503, 504 म्हणजे सर्व्हर तात्पुरता अडलाय, थांबून परत पाठव. तुझ्या कोडमध्ये हे सगळं एकाच कॅचमध्ये (चुका पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये) जाऊन "सर्व्हिस बंद" होत असणार, पैज लावतो.

सायली_कोथरूड (बुधवार, सकाळी 8:05)

बंड्याच्या ठोकण्यावरून आठवलं, 2021 मध्ये लशीच्या स्लॉटसाठी अर्धं पुणं कोविनच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या दाराला) स्क्रिप्ट लावून बसलं होतं. त्यांनी 5 मिनिटांत एका आयपीला 100 कॉल अशी मर्यादा ठेवली होती. माझ्या भावाची स्क्रिप्ट ब्लॉक व्हायची आणि तो ओरडायचा "साइट पडली". साइट चालूच होती, फक्त त्याच्यासाठी बंद होती.

फुकटचा सल्ला (बुधवार, सकाळी 11:00)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नेटवर्क नाना (बुधवार, दुपारी 1:15)

आप्पाचं मान्य, पण तपासणी अगदीच टाकाऊ नाही. नोंद पाठवण्यासाठी नको, पण तुला स्वतःला सचिवाच्या आधी कळायला हवं ना? त्यासाठी अपटाइम कुमा टाक, सर्व्हिस चालू आहे का ते सतत बघणारा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, ठरलेला शब्द उत्तरात आहे का तेही बघतं आणि टेलिग्रामवर मेसेज टाकतं. फक्त ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच मशीनवर ते बसवू नको. फेब्रुवारी 2017 मध्ये अ‍ॅमेझॉनचं एस3 (फाइली साठवायची सेवा) पडलं तेव्हा त्यांचं स्वतःचं स्टेटस पान बराच वेळ बदलता येत नव्हतं, कारण ते पानच एस3 वर अवलंबून होतं. एवढ्या मोठ्यांचं हे होतं तर आपलं काय.

आणि एक दुसऱ्या बाजूनेही कर. प्रत्येक केंद्राच्या प्रोग्रॅमने दर 15 मिनिटांनी तुझ्या सर्व्हरला "मी आहे, बाकी नोंदी इतक्या" असं कळवायचं. पाळीच्या वेळेत कुणी अर्धा तास गप्प राहिलं की तू फोन लावायचास. केंद्राचं नेटच गेलं तर केंद्र तुला सांगणार कसं, त्याचं गप्प बसणं हाच निरोप.

किटलीवाला (पुढचा सोमवार, रात्री 10:20)

अपडेट देतो. त्या दोन गावांपैकी एकात टीएलएसची ओळ टाकली आणि चाललं. दुसऱ्यात नाही चाललं, जाऊन बघतो तर पीसीवर 2009 साल चालू होतं, सायलीताईंनी म्हणलं तसं सेल मेलेला, नवा घातला. पावतीवरची तारीख मी काट्याच्या मशीनकडनं घेतो म्हणून इतके दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पिंग, नेटवर्कची चौकशी, एएसएमएक्स पान, सगळं कोडमधनं उडवलं. नोंद आधी एसक्यूलाइटमध्ये, पावती लगेच, पाठवायचं मागनं. टाइमआउट 100 वरनं 15 सेकंदांवर आणलाय. संघाचा प्रोग्रॅमर पोरगा चांगला निघाला, जीयूआयडीचा कॉलम दोन दिवसांत करून दिला. शुक्रवारी संध्याकाळी त्यांची सर्व्हिस पाऊण तास बंद होती, 212 नोंदी बाकी राहिल्या आणि नंतर आपोआप गेल्या, डबल एकही नाही. मला हे अपटाइम कुमाच्या मेसेजवरनं कळलं, सचिवांना अजूनही माहीत नाही.

आप्पा बॅकएंड (पुढचा सोमवार, रात्री 10:45)

छान. एक विचारायचं राहिलं, नोंद पाठवल्यावर सचिवाने फॅट दुरुस्त केली किंवा पावती रद्द केली तर काय करता?

किटलीवाला (पुढचा सोमवार, रात्री 10:52)

ते सध्या वहीत लिहितात. नवा धागा काढतो.

सायली_कोथरूड (पुढचा सोमवार, रात्री 11:01)

वाखुसा (वाचनखूण साठवली). काढलास की लिंक इथे टाक.